वजनाचा हिशेब : मोटार-रचनाकार कॉलिन चॅपमन यांचे कार्य आणि वारसा

प्रस्तावना

मोटारीच्या विकासाचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अश्वशक्ती वाढत गेली आणि वेग वाढत गेला, असे त्याचे ढोबळ सूत्र असते. ब्रिटिश रचनाकार कॉलिन चॅपमन (१९२८-१९८२) यांचे कार्य या सूत्रात बसत नाही. त्यांनी स्थापन केलेल्या 'लोटस' कंपनीच्या पहिल्या दोन दशकांतील गाड्यांची इंजिने मुख्यतः इतरांनी बनवलेली किंवा इतरांच्या इंजिनांवर बेतलेली होती, आणि अनेकदा ती प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांपेक्षा दुबळीही होती. तरीही चॅपमन यांच्या हयातीत लोटसच्या संघाने फॉर्म्युला वन शर्यतींत ६ वेळा चालकांचे आणि ७ वेळा निर्मात्यांचे जागतिक विजेतेपद मिळवले. हे यश इंजिनाभोवतीच्या रचनेतून आले. त्या रचनेमागे एकच आग्रह होता : गाडीतील प्रत्येक भागाने आपल्या वजनाचे समर्थन दिले पाहिजे, आणि शक्य असेल तर एका भागाने दोन भागांचे काम केले पाहिजे.

प्रस्तुत लेखात या आग्रहाचे शास्त्रीय स्वरूप, त्यातून निर्माण झालेल्या प्रमुख रचना आणि त्याची मोजावी लागलेली किंमत यांचे विवेचन केले आहे. चॅपमन यांच्यावरील गौरवपर लेखनात पहिल्या दोन गोष्टी विस्ताराने येतात आणि तिसरी तळटीपेत जाते. टीकापर लेखनात नेमके उलट घडते. वस्तुतः या तिन्ही गोष्टींचा उगम एकच असल्याने त्यांचा विचार एकत्रच करणे इष्ट ठरते.

जडणघडण

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी या भागात एक हॉटेल चालवीत. या हॉटेलमागील जुन्या तबेल्यात पुढे लोटसचा पहिला कारखाना सुरू झाला. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे बांधकाम-रचनेच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. अंतिम परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका राहिल्याने त्यांना पदवी एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये मिळाली. भाराच्या गणितावर पुढे ज्यांचे नाव झाले, त्यांच्या बाबतीत ही नोंद गमतीची वाटते. विद्यापीठाच्या हवाई तुकडीत ते विमान चालवायला शिकले, शाही वायुदलात त्यांनी अल्पकाळ सेवा केली आणि त्यानंतर ब्रिटिश ॲल्युमिनियम या कंपनीत नोकरी धरली. इमारतींच्या बांधकामात ॲल्युमिनियमचा वापर कसा करता येईल हे ग्राहकांना पटवून देणे, हे तेथील त्यांचे काम होते.

पूल व इमारतींचे गणित, विमानाची ओळख आणि हलक्या धातूचा व्यवहार या तीन गोष्टी एका तरुणाच्या ठिकाणी एकत्र आल्या. त्या काळातील बहुसंख्य मोटार-रचनाकार यंत्रशाळेतून वर आलेले होते. गाडीचा सांगाडा म्हणजे दोन जाड लोखंडी तुळया आणि त्यांवर ठेवलेले इंजिन, हे त्यांचे गृहीतक होते. चॅपमन यांच्या दृष्टीने मोटार ही आधी भार वाहणारी रचना होती आणि मग यंत्र.

१९४८ मध्ये त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीत फेरफार करून आपली पहिली गाडी तयार केली. या गाडीच्या ७४७ घनसेंटीमीटर इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेण्यासाठी एकच सामाईक वाट असे, त्यामुळे शेजारचे सिलिंडर एकमेकांचे मिश्रण पळवीत. १९५१ च्या शर्यतीच्या गाडीत चॅपमन यांनी या वाटेत पडदा बसवून तिचे दोन भाग केले. इंजिन तेच राहिले, नियमही मोडला नाही, पण शक्ती वाढली. क्लबने पुढे ही युक्तीच नियमबाह्य ठरवली. नियमपुस्तिका ही रचनेची पहिली सामग्री असते, ही चॅपमन यांची धारणा येथेच दिसते. तिचा पुढचा प्रवास या लेखात यथाक्रम येईल.

१९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग कंपनी स्थापन झाली. त्यासाठी लागलेले २५ पौंड हेझल विल्यम्स यांनी उसने दिले. पुढे १९५४ मध्ये त्यांच्याशी चॅपमन यांचा विवाह झाला. कंपनीला कमळाचे नाव का दिले, याचा खुलासा चॅपमन यांनी जाहीरपणे कधीच केला नाही.

वजन कमी केल्याने नेमके काय साधते?

शक्ती वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते आणि वजन घटवले तर ती सर्वत्र वेगवान होते, अशा आशयाचे एक विधान चॅपमन यांच्या नावावर सांगितले जाते. ते त्यांनी नेमके केव्हा केले याची चर्चा बाजूला ठेवली, तरी त्यातील शास्त्र तपासून पाहण्याजोगे आहे.

१२०० किलोग्रॅम वजनाची व १८० अश्वशक्तीची एक गाडी आणि ६०० किलोग्रॅम वजनाची व ९० अश्वशक्तीची दुसरी गाडी घेतली, तर दोन्हींचे शक्ती व वजन यांचे गुणोत्तर समान आहे. मध्यम वेगापर्यंत दोन्ही साधारण सारख्याच त्वरणाने धावतील. ब्रेक लावताना मात्र फरक पडतो. समान वेगात हलक्या गाडीची गतिज ऊर्जा निम्मी असते. त्यामुळे ब्रेकना निम्मी उष्णता सोसावी लागते, ते लहान व हलके ठेवता येतात, आणि म्हणून गाडी आणखी हलकी होते. इंधन कमी लागते म्हणून टाकी लहान होते, टाकी लहान म्हणून तिला धरणारा सांगाडाही हलका होतो. वजनातील घट अशी स्वतःच पुढची घट घडवून आणते. वाढीच्या बाबतीतही हेच चक्र उलट दिशेने फिरते.

वळणावरचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. पाठ्यपुस्तकातील घर्षणाच्या नियमानुसार वळणावर वस्तुमानाचा काहीच परिणाम होऊ नये. जड गाडीला वळवण्यासाठी अधिक बल लागते हे खरे, पण तिच्या वजनामुळे टायरांचे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते आणि समीकरणातून वस्तुमान निघून जाते. प्रत्यक्षात रबर या नियमाला पुरते जुमानत नाही. टायरवरील भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणजेच प्रत्येक किलोग्रॅममागे मिळणारी पकड भारासोबत घटत जाते, आणि त्याच टायरांवर धावणारी हलकी गाडी वळणावर अधिक वेग टिकवू शकते. शर्यतीच्या मार्गावर सरळ पट्टे थोडे व वळणे फार असतात, हे ध्यानात घेतले की चॅपमन यांच्या आग्रहाचे मर्म कळते.

नळ्यांच्या चौकटीपासून कवचापर्यंत

केवळ धातू कमी केल्याने सांगाडा हलका होतो, पण तो लवचीकही होतो. सांगाडा वळणावर पिळला गेला तर चाकांचे कोन बदलतात आणि सस्पेन्शनची सारी काळजीपूर्वक आखणी व्यर्थ जाते. त्यामुळे प्रश्न हलकेपणाचा नसून कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ताठरपणा कसा मिळवायचा, हा आहे.

१९५२ च्या मार्क सहा या गाडीत चॅपमन यांनी त्याचे पहिले उत्तर दिले. रेल्वेच्या पुलात जशी त्रिकोणांची जाळी असते, तशी बारीक पोलादी नळ्यांची त्रिमितीय चौकट त्यांनी रचली. त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही, म्हणून प्रत्येक नळीवर केवळ ताण किंवा दाब येतो, वाक येत नाही. या चौकटीचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम होते. १९५७ मधील लोटस सेव्हन ही याच घराण्यातील गाडी होय. त्याच वर्षी आलेल्या एलिट या बंदिस्त गाडीत तर धातूचा सांगाडा जवळजवळ नाहीच. संपूर्ण कवच फायबरग्लासचे असून तेच भार वाहते. तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये चाकाला शक्ती पोहोचवणारा दांडाच चाकाला आडवे धरून ठेवण्याचेही काम करतो. एका भागाकडून दोन कामे घेण्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. एलिट देखणी होती, हवेला अत्यल्प विरोध करणारी होती, आणि प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा देणारी होती.

१९६२ मध्ये लोटसने दोन वेगवेगळी उत्तरे एकाच वर्षी दिली. रस्त्यावरच्या एलान गाडीत, रॉन हिकमन यांच्या सहभागाने, दुमडलेल्या पोलादी पत्र्याचा एक पोकळ 'कणा' गाडीच्या मध्यातून नेण्यात आला. त्याच्या दोन्ही टोकांना फाटे फुटून त्यांवर इंजिन व चाके बसली. शर्यतीच्या लोटस २५ मध्ये नळ्यांची चौकट पूर्णपणे काढून टाकून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कवच वापरण्यात आले.

या कवचाचे तत्त्व वर्गातही दाखवता येते. कागदाची सुरळी करून तिची कड डिंकाने चिकटवावी आणि दोन्ही टोके धरून पिळून पाहावी. सुरळी चिवटपणे विरोध करते. तीच सुरळी कात्रीने लांबीच्या दिशेने कापली की कागद तितकाच असूनही विरोध नाहीसा होतो. बंद पातळ नळीचा पिळाला होणारा विरोध तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पत्रा मध्याकडे साठवण्याऐवजी बाहेरच्या कडेला न्यावा, हे या प्रयोगामागील गणित आहे. शर्यतीच्या गाडीत अडचण ही, की चालकाला बसण्यासाठी कवच वरून कापावेच लागते. चॅपमन यांनी चालकाच्या दोन्ही बाजूंना दोन बंद पेट्या ठेवल्या, त्या आडव्या भिंतींनी जोडल्या आणि पेट्यांच्या पोकळीत इंधनाच्या रबरी पिशव्या बसवल्या. जी जागा रिकामी राहिली असती तिथे टाकी आली, आणि जी टाकी निव्वळ ओझे झाली असती तिचे घर सांगाडा झाले. नळ्यांच्या चौकटीच्या समकालीन लोटस २४ शी तुलना करता हे कवच सुमारे तिप्पट ताठर व वजनाने निम्मे होते, अशी नोंद आढळते. चालक जवळजवळ आडवा झोपत असल्याने हवेला अडवणारे क्षेत्रफळही घटले.

कवचरचना विमानांत आधीपासून होती, आणि मोटारीतही लान्सिया कंपनीने १९२० च्या दशकात तिचा प्रयोग केला होता. चॅपमन यांना तिचे जनक म्हणणे योग्य नाही. इंजिन चालकाच्या मागे ठेवण्याची पद्धतही ग्रां प्री शर्यतींत कूपर कंपनीने त्यांच्याआधी यशस्वी केली होती. इतरत्र सुचलेली कल्पना तिच्या तार्किक शेवटापर्यंत नेणे, हे चॅपमन यांचे सामर्थ्य होते. या कथेला एक व्यावहारिक बाजूही आहे. १९६२ च्या हंगामासाठी इतर संघांनी लोटस २४ गाड्या विकत घेतल्या होत्या. आपल्या हाती नवीनतम गाडी आली आहे, अशी त्यांची समजूत होती. लोटसचा स्वतःचा संघ मात्र लोटस २५ घेऊन मैदानात उतरला. ग्राहकांचा संताप स्वाभाविक होता.

जिम क्लार्क यांनी याच गाडीने १९६३ मध्ये १० पैकी ७ शर्यती जिंकून विजेतेपद मिळवले. १९६५ मध्ये त्यांनी दुसरे विजेतेपद आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यत अशी दुहेरी कामगिरी केली. त्या विजयानंतर पुढे इंजिन असलेल्या अमेरिकी शर्यतगाड्यांचे युग संपत आले.

पुढची पायरी तर्काने आपोआप समोर येते. इंजिनाचा ठोकळा हा गाडीतील सर्वांत ताठर भाग आहे, मग त्याच्याभोवती वेगळा सांगाडा कशासाठी? १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कवच चालकाच्या पाठीमागे संपते. तेथे इंजिन बोल्टांनी जोडलेले असून मागचे सस्पेन्शन इंजिन व गिअरपेटी यांनाच लटकते. यासाठीचे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन कीथ डकवर्थ यांनी रचले आणि फोर्ड कंपनीने त्यासाठी १ लाख पौंड दिले. डकवर्थ व त्यांचे भागीदार माइक कॉस्टिन हे दोघेही पूर्वी लोटसमध्येच काम करीत होते. ४ जून १९६७ रोजी झांडफूर्ट येथे या गाडीने पहिलीच शर्यत जिंकली. डीएफव्ही इंजिन नंतर इतर संघांनाही विकण्यात आले आणि १९८३ पर्यंत त्याने १५५ ग्रां प्री जिंकल्या. स्वतः इंजिन बनवू न शकणारे छोटे ब्रिटिश संघ त्याच्या बळावर उभे राहिले. चॅपमन यांच्या वारशाचा हा भाग त्यांच्या नावावर क्वचितच मांडला जातो.

हवेचे वजन

टायरवर भार वाढला की एकूण पकड वाढते, पण भार वाढवण्यासाठी वस्तुमान वाढवले तर वळवण्याचे ओझेही वाढते. वस्तुमान न वाढवता भार वाढवता आला तर? हवा हे काम करू शकते. १९६८ पासून शर्यतीच्या गाड्यांवर विमानाचे पंख उलटे करून बसवू लागले. लोटसने ते उंच, सडपातळ दांड्यांवर थेट चाकांच्या सस्पेन्शनला जोडले. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे मागचे पंख मोडून भीषण अपघात झाले आणि त्यानंतर असे उंच पंख बंद करण्यात आले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात टोनी रड, पीटर राइट व त्यांचे सहकारी इंपीरियल कॉलेजच्या पवनबोगद्यात गाडीच्या प्रतिकृतींवर प्रयोग करीत होते. प्रतिकृतीच्या बाजू खाली झुकल्या की ती जमिनीकडे अधिक जोराने खेचली जाते, असे त्यांच्या लक्षात आले. गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखाच्या आकाराचे बोगदे ठेवले आणि कडेने पडदे सोडून बाहेरची हवा आत येऊ दिली नाही, तर जमीन व गाडी यांच्यातील अरुंद वाटेने जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. वरच्या हवेचा दाब मग गाडीला जमिनीवर चिकटवून ठेवतो. १९७७ च्या लोटस ७८ मध्ये हे तत्त्व प्रथम उतरले. १९७८ च्या लोटस ७९ मध्ये ते पूर्णत्वास गेले आणि मारिओ अँड्रेटी विजेते झाले. हे विजेतेपद निश्चित झाले त्याच मॉन्झा येथील शर्यतीत लोटसचे दुसरे चालक रॉनी पीटरसन जखमी झाले व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते त्या दिवशी जुनी, लोटस ७८ ही गाडी चालवीत होते.

उणे केलेल्या वजनाची किंमत

प्रत्येक रचनेत अपेक्षित भारापेक्षा काही पट अधिक भार सोसण्याची क्षमता राखून ठेवलेली असते. अभियांत्रिकीत तिला सुरक्षा-गुणक म्हणतात. हा गुणक म्हणजे अभियंत्याने आपल्या अज्ञानाला दिलेला मान होय. धातूतील दडलेली चीर, कारागिराची चूक, रस्त्यातील खड्डा यांचे गणित आधी मांडता येत नाही, म्हणून थोडे जास्तीचे वजन वाहायचे. चॅपमन यांच्या पद्धतीचा रोख नेमका या जास्तीच्या वजनावर होता. शिवाय धातूचा थकवा हा धोका त्यात भर घालतो. एकदा दिलेला भार जो दांडा सहज सोसतो, तोच दांडा त्याहून कमी भार लक्षावधी वेळा दिल्यास तुटू शकतो.

१९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटस १८ चे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटस १८ चा स्टिअरिंगचा दांडा तुटला. त्यांची कारकीर्द संपली आणि त्यांनी कंपनीविरुद्धचा दावा जिंकला. याच मॉस यांनी काही आठवड्यांपूर्वी मोनाको येथे लोटस गाडीला तिचा पहिला ग्रां प्री विजय मिळवून दिला होता.

योखेन रिंट यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९६९ च्या स्पेनमधील अपघातात जखमी झाल्यावर त्यांनी चॅपमन यांना पत्र लिहिले. लोटसच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की नाजूक भाग बळकट करण्यासाठी थोडे वजन वाढवले तरी त्या स्पर्धेत टिकतील, ज्या गाडीवर विश्वास आहे तीच आपण चालवू शकतो, आणि तो विश्वास आता संपत आला आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रातील मागणी भावनिक नाही, ती सुरक्षा-गुणकाचीच मागणी आहे. चालकाने ती रचनाकाराच्याच भाषेत, वजनाच्या हिशेबात मांडली होती.

पुढच्या वर्षी लोटस ७२ आली. पाचरीचा आकार, बाजूंना नेलेले रेडिएटर आणि चाकांऐवजी गाडीच्या अंगाला बसवलेले पुढचे ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये होती. ब्रेक चाकावर असले की त्यांचे वजन स्प्रिंगच्या खाली राहते. चाक खड्ड्यातून जाताना हे वजन त्याच्यासोबत उसळते आणि टायर रस्ता सोडतो. ब्रेक आत घेतल्याने हा दोष जातो, पण ब्रेक व चाक यांना जोडणारा एक दांडा नव्याने आवश्यक होतो. ५ सप्टेंबर १९७० रोजी मॉन्झा येथे सराव करताना रिंट यांच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचा हाच दांडा तुटला. गाडी कठड्यावर आदळली आणि रिंट यांचा मृत्यू झाला. इटलीतील चौकशीत दांडा तुटणे हे अपघाताचे आणि सदोष बसवलेला कठडा हे मृत्यूचे कारण ठरले. चॅपमन यांच्यावरील खटल्यात ते निर्दोष सुटले. त्या हंगामात रिंट यांच्या गुणांना कोणी गाठू शकले नाही आणि मरणोत्तर जागतिक विजेता ठरलेले ते एकमेव चालक आहेत. ज्या गाडीने त्यांना विजेते केले तिच्यावरच त्यांचा विश्वास नव्हता.

येथे सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. क्लार्क यांचा ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे लोटसमध्येच मृत्यू झाला, पण त्याचे संभाव्य कारण मागच्या टायरमधील हवा जाणे हे मानले जाते. त्या काळात सर्वच निर्मात्यांच्या गाड्यांत चालक मरत होते, मार्गांवर कठडे नव्हते, अग्निशमनाची सोय अपुरी होती. तरीही मॉस, टेलर व रिंट यांच्या अपघातांत दोष गाडीच्या तुटलेल्या भागाकडे जातो. न्यायालयाने दोष दिला नाही म्हणून अभियंत्याचा प्रश्न सुटत नाही. कोणत्या भागाला हलके करावे याचा निर्णय कारखान्यात होतो, आणि त्यातील जोखीम दुसराच कोणी उचलतो.

नियमांच्या कडेने

ऑस्टिनच्या इंजिनातील पडद्यापासून सुरू झालेली वाट कारखान्याच्या जमाखर्चातही दिसते. ब्रिटनमध्ये पूर्ण बांधलेल्या नव्या गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून मार्क सहा, सेव्हन व नंतरच्याही काही गाड्या ग्राहकाने स्वतः जोडावयाच्या संचाच्या रूपात विकल्या गेल्या. जोडणीची पुस्तिका देणे नियमात बसत नसल्याने गाडी सुटी करण्याची पुस्तिका देण्यात आली आणि ग्राहकाने ती शेवटून वाचावी अशी अपेक्षा होती, असा एक किस्सा सांगितला जातो. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली.

१९६८ मध्ये प्रायोजनावरील निर्बंध सैल होताच लोटसने गाडीचा हिरवा रंग टाकून सिगारेटच्या पाकिटाचे लाल, सोनेरी व पांढरे रंग चढवले. मोठ्या संघांत असे करणारा हा पहिला संघ होता. शर्यतींचे अर्थकारण त्यामुळे बदलले, आणि तंबाखूच्या जाहिरातीला क्रीडाक्षेत्रात जे स्थान मिळाले ते काढण्यासाठी युरोपीय संघाला २००५ पर्यंत थांबावे लागले.

या वाटेचा शेवटचा टप्पा दुःखद आहे. अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरियन यांना उत्तर आयर्लंडमध्ये पोलादी अंगाची स्पोर्ट्स कार काढायची होती. ब्रिटिश सरकारने बेरोजगारी व हिंसाचाराने ग्रासलेल्या त्या भागासाठी सार्वजनिक निधी दिला. गाडीच्या विकासाचे काम १९७८ मध्ये लोटसकडे आले. त्यासाठीचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत वळवण्यात आले. १९८२ मध्ये डिलोरियनचा कारखाना बुडाला, कामगार रस्त्यावर आले, आणि १६ डिसेंबर १९८२ रोजी चॅपमन यांचा वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराने मृत्यू झाला. लोटसचे आर्थिक व्यवहार पाहणारे फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी म्हटले. मृत व्यक्तीवर खटला चालत नाही, त्यामुळे हे मत शिक्षा नव्हे. पण हेझल विल्यम्स यांच्या २५ पौंडांपासून सुरू झालेल्या कंपनीच्या इतिहासातून ते वगळताही येत नाही.

वारसा

चॅपमन यांचा मृत्यू झाला त्याच दिवशी त्यांचा संघ संगणक-नियंत्रित सस्पेन्शनची शर्यतगाडीवर पहिली चाचणी घेत होता. जमिनीकडे खेचणारे बोगदे १९८३ पासून सपाट तळाच्या सक्तीने बंद झाले होते. २०२२ ते २०२५ या हंगामांसाठी नियमकर्त्यांनीच ते पुन्हा आणले. कवचरचना व भार वाहणारे इंजिन या गोष्टी फॉर्म्युला वनमध्ये आता इतक्या गृहीत धरल्या जातात की त्यांचा कोणी उल्लेखही करीत नाही. आजचे कवच कार्बन तंतूंचे असते आणि स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्याला ठरावीक आघात-चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. किमान वजनही नियमाने बांधलेले आहे. रिंट यांनी एका पत्राने मागितलेली गोष्ट अशा रीतीने रचनाकाराच्या मर्जीवर न राहता नियमात गेली.

रस्त्यावरच्या गाड्यांत एलानचा ठसा सर्वांत खोल आहे. १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने आणलेली एमएक्स-५ ही छोटी उघडी गाडी उघडपणे तिच्या धर्तीवर रचली होती, आणि ती एलानला कधीच न लाभलेल्या विश्वासार्हतेमुळे जगभर खपली. लोटस कंपनीनेही १९९६ च्या एलिस गाडीत चॅपमन यांची पद्धत नव्या साधनांनी पुन्हा राबवली. साच्यातून दाबून काढलेले ॲल्युमिनियमचे भाग तिच्यात वितळजोडाने न सांधता चिकटद्रव्याने जोडले आहेत. सांगाडा सत्तर किलोग्रॅमच्याही आत बसला आणि संपूर्ण गाडी सव्वासातशे किलोग्रॅमच्या घरात राहिली. २००८ मधील टेस्ला कंपनीची पहिली विजेवरची गाडी याच सांगाड्याच्या आधारे विकसित झाली.

दरम्यान लोटसची मालकी अमेरिकी जनरल मोटर्स, इटालियन उद्योजक रोमानो आर्तिओली व मलेशियन प्रोटॉन यांच्याकडून २०१७ मध्ये चीनच्या गीली समूहाकडे गेली. एलिसचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. त्यानंतर आलेली एलेत्र ही विजेवरची मोठी गाडी वुहान येथे तयार होऊ लागली. बॅटरीसह तिचे वजन अडीच टनांच्या आसपास आहे. लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्येच इंग्लंडमधील केटरहॅम या छोट्या कंपनीने घेतले होते आणि ती गाडी, नळ्यांच्या चौकटीसह, पुढेही तयार होत राहिली. केटरहॅमने २०२१ मध्ये आणलेल्या सेव्हन १७० या गाडीच्या सर्वांत हलक्या प्रकाराचे वजन ४४० किलोग्रॅम आहे. एका एलेत्रच्या वजनात अशा पाच गाड्या बसतात.